विशेष गरजा असलेल्या मुलांचा व्यायामवर्ग कसा घ्यावा? (खानापूर-बेळगाव परिसर)

प्रश्न – शारीरिक शिक्षक, खानापूर तालुका

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील एका मराठी प्राथमिक शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे. दिवाळीनंतर काही पालकांच्या आग्रहावरून दर रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर, आजूबाजूच्या गावांतील विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी व्यायामाचा आणि खेळाचा वर्ग सुरू केला आहे. बी.पी.एड. करताना या विषयाची जी तोंडओळख झाली होती, ती प्रत्यक्ष मैदानावर पुरत नाही, म्हणून येथील जाणकारांकडे मार्गदर्शन मागत आहे.

मुले साधारण सात ते तेरा वयोगटातील आहेत. त्यांतील एक मुलगा स्वमग्न (ऑटिझम असलेला) असून शिट्टी वाजताच दोन्ही कानांवर हात ठेवतो आणि फाटकाच्या दिशेने धावत सुटतो. डाऊन सिंड्रोम (गुणसूत्रांतील जन्मजात फरकामुळे येणारी स्थिती) असलेली एक मुलगी लेझीमचा आवाज ऐकताच आनंदाने नाचू लागते, परंतु मैदानाला अर्धी फेरी मारली की दमून खाली बसते. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर परिणाम होणारी स्थिती) असलेला एक मुलगा पायांत स्प्लिंट, म्हणजे आधाराचा साचा, घालून चालतो, तर एडीएचडीचे (लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता या विकाराचे) निदान झालेली दोन भावंडे रांगेत क्षणभरही उभी राहत नाहीत. शिवाय कोणतेही निदान न झालेला एक मुलगा आहे. अभ्यासात तो चांगला आहे, परंतु त्याला चेंडू झेलता येत नाही, शर्टाची बटणे लावायला वेळ लागतो आणि वर्गातील सगळे त्याला धांदरट म्हणतात.

या सर्वांना एकत्र घेऊन वर्ग कसा चालवावा? सुरुवातीला कोणती काळजी घ्यावी? गावातील काही ज्येष्ठ मंडळी "जरा धाक दाखवा, आपोआप सरळ येतील" असे सुचवतात. मला ते पटत नाही, परंतु त्याऐवजी नेमके काय करावे हेही स्पष्ट होत नाही.

उत्तर १ – फिजिओथेरपिस्ट, बेळगाव

सर, आपला प्रश्न वाचून आनंद झाला. मी प्रथम सुरक्षिततेविषयी लिहितो, कारण शिकवण्याच्या पद्धती हळूहळू अंगवळणी पडतात, परंतु पुढील काही बाबी पुढच्या रविवारच्या आधीच ठाऊक असाव्यात.

डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांपैकी जवळपास निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा काही ना काही दोष असतो. त्यामुळे ती मुलगी अर्ध्या फेरीत दमते याला आळस किंवा वजन हेच कारण आहे असे गृहीत धरू नये. तिच्या हृदयाची इको तपासणी झाली आहे का, झाली असल्यास डॉक्टरांनी काही निर्बंध सांगितले आहेत का, हे पालकांकडून विचारून घ्यावे. थायरॉईडची कमतरताही या मुलांत बरीच आढळते आणि तिच्यामुळेही थकवा येतो. दोन्ही बाजूंनी काही अडचण नसेल, तरीही स्नायू शिथिल आणि सांधे सैल असल्यामुळे तिला प्रत्येक पावलाला इतरांपेक्षा अधिक श्रम पडतात, हे लक्षात ठेवून एक मोठी फेरी देण्याऐवजी लहान लहान अंतरे आणि मध्ये विश्रांती अशी आखणी करावी. लेझीम तिला आवडते असे आपण लिहिले आहे. मग तिचा दमश्वास वाढवण्यासाठी धावण्याचा हट्ट कशाला हवा? लेझीमनेच तो वाढवता येईल.

याच मुलांच्या मानेची वेगळी काळजी घ्यावी लागते. मानेच्या सर्वांत वरच्या दोन मणक्यांमधील सांधा त्यांच्यापैकी काहींमध्ये सैल असतो. म्हणून कोलांटउडी, शीर्षासन, मल्लखांबावरील उलटे प्रकार, कुस्तीतील मानेवर भार येणारे डाव आणि पाण्यात डोक्याकडून मारलेली उडी हे प्रकार डॉक्टरांनी तपासून मोकळीक दिल्याखेरीज करून घेऊ नयेत. एकदा काढलेला एक्स-रे स्वच्छ आला म्हणून कायमचे निश्चिंत होता येत नाही. मान दुखणे किंवा एका बाजूला कलणे, चालण्यात बदल होणे, हातांची पकड सैल पडणे, पूर्वी असलेला लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, यांपैकी काहीही दिसले तर व्यायाम तत्काळ थांबवून मुलीला डॉक्टरांकडे पाठवावे.

सेरेब्रल पाल्सीच्या बाबतीत, ताठर स्नायूंना ताकदीचा व्यायाम दिला तर ताठरपणा वाढतो, असा समज एके काळी आमच्या क्षेत्रातही होता. तो आता मागे पडला आहे. बाकावरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे, एका पायरीवर चढ-उतार करणे, भिंतीच्या कडेने आडवे चालणे हे व्यायाम त्या मुलाला जरूर द्यावेत. स्प्लिंट काढल्यावर कातडीवरील लाल डाग अर्ध्या तासात गेले नाहीत, तर स्प्लिंट बनवणाऱ्याकडून ते दुरुस्त करून घ्यायला सांगावे. वाढत्या वयातील मुलांचे स्प्लिंट लवकर लहान पडते, आणि मूल बोलून सांगत नसेल तर ते टोचत असल्याचे आपल्याला फक्त चालण्यातील बदलावरून कळते.

अपस्माराचे, म्हणजे फिट येण्याचे, प्रमाण या सर्वच गटांत इतर मुलांपेक्षा अधिक असते. फिट येणाऱ्या मुलाला उंचीवर चढवणे आणि पाण्यात उतरवणे या दोन गोष्टी एकास एक देखरेखीशिवाय करू नयेत. मैदानावर फिट आल्यास मुलाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ कापड द्यावे, घड्याळ पाहावे आणि तोंडात काहीही घालू नये. आपल्याकडे लगेच कोणीतरी कांदा किंवा चप्पल हुंगवायला धावतो, हातात लोखंडी किल्ली देतो. त्याला प्रेमाने पण ठामपणे बाजूला ठेवावे. फिट पाच मिनिटांत थांबली नाही, तर १०८ क्रमांकावर फोन करावा. आणखी एक गोष्ट पालकांना विचारावी, ती म्हणजे चालू असलेली औषधे. फिट्ससाठी दिल्या जाणाऱ्या टोपिरामेटसारख्या काही औषधांमुळे घाम कमी येतो आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात शरीर लवकर तापते. अशा मुलांचा वर्ग आठच्या आत संपवावा.

प्रमाणाविषयी सांगायचे तर, जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ५ ते १७ वयोगटातील दिव्यांग मुलांसाठीही इतर मुलांइतकेच, म्हणजे आठवड्याच्या सरासरीने दररोज ६० मिनिटे मध्यम ते जोमदार हालचालींचे ध्येय ठेवले आहे. हे पोहोचण्याचे ठिकाण आहे. आज दहा मिनिटे हलणारे मूल उद्या पंधरा मिनिटे हलले तरी त्याचा लाभ त्याला मिळतोच.

उत्तर २ – विशेष शिक्षिका, टिळकवाडी (बेळगाव)

फिजिओथेरपिस्टांनी सुरक्षिततेविषयी सविस्तर लिहिले आहे, म्हणून मी फक्त शिकवण्याविषयी लिहिते.

सर, सर्वप्रथम ती शिट्टी बंद करावी. आपल्या कानाला जो आवाज केवळ सूचना देतो, तोच काही स्वमग्न मुलांना शारीरिक वेदनेसारखा जाणवतो, आणि मग कान झाकून पळणे हा त्याने स्वतःचा केलेला बचाव असतो. त्यात हट्ट नसतो आणि आज्ञाभंगही नसतो, म्हणून धाकाने ते थांबणार नाही. उलट मैदान म्हणजे भीती असे समीकरण त्याच्या मनात पक्के होईल. शिट्टीऐवजी रंगीत झेंडा वर करावा. आपल्या भागात मूल घरी मराठी, शाळेबाहेर कन्नड आणि थेरपीच्या खोलीत इंग्रजी ऐकत असते, त्यामुळे प्रत्येक हालचालीसाठी एकच ठरलेला शब्द आणि त्याच्या जोडीला एकच ठरलेली हाताची खूण ठेवावी, आणि मदतीला येणाऱ्या प्रत्येकाने तीच वापरावी. सूचना दिल्यावर मनातल्या मनात दहापर्यंत अंक मोजावेत. आपण बहुतेक वेळा तिसऱ्याच सेकंदाला तीच सूचना वेगळ्या शब्दांत पुन्हा देतो, आणि पहिली सूचना समजून घेत असलेल्या मुलाला सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते.

वर्गाचा क्रम दर रविवारी एकच असावा आणि तो मुलांना डोळ्यांनी दिसावा. मोबाईलवर त्याच मैदानाचे, त्याच मुलांचे फोटो काढून ते छापून घ्यावेत: चालणे, उड्या, चेंडू, लेझीम, पाणी, घर. एका फळीवर ते ओळीने लावावेत आणि एक गोष्ट झाली की मुलाने स्वतःच्या हाताने तो फोटो फळीवरून उतरवून डब्यात टाकावा. शेवटचा फोटो 'घर' आहे, हे ज्याला दिसत असते त्याला मध्येच फाटकाकडे धावण्याची निकड उरत नाही. उभे राहण्याची जागा चुन्याने गोल आखून द्यावी. "इकडे ये, तिकडे उभा राहा" यापेक्षा पायाखालचे वर्तुळ कितीतरी स्पष्ट बोलते.

आता कौशल्य कसे शिकवावे, ते लेझीमच्या उदाहरणाने सांगते, कारण ती आपल्या प्रत्येक शाळेच्या कपाटात असते. लेझीमचा एक साधा हात आपल्याला एकच कृती वाटते, परंतु त्यात लेझीम दोन्ही हातांनी धरणे, ती छातीसमोर आणणे, उघडणे, मिटून आवाज काढणे, पाय पुढे टाकणे आणि पुन्हा मागे घेणे इतक्या कृती असतात. प्रथम पाय पूर्ण सोडून द्यावेत. मुलाच्या मागे उभे राहून त्याच्या कोपरांना आधार देत आपण लेझीम धरण्यापासून उघडण्यापर्यंतचे सर्व त्याच्याकडून करवून घ्यावे आणि फक्त शेवटची कृती, मिटून आवाज काढणे, त्याच्यावर सोडावी. म्हणजे प्रत्येक वेळी आवाज त्याने काढलेला असतो आणि यशाचा क्षण त्याच्या वाट्याला येतो. ते जमले की उघडणेही त्याच्यावर सोडावे. आपला हात कोपरावरून मनगटाजवळ, मग केवळ स्पर्शापुरता, मग नुसत्या खुणेपुरता असा मागे घेत जावे. आधार वेळेवर काढून घेतला नाही, तर मूल लेझीम न शिकता आपल्या हाताची वाट पाहायला शिकते. पाय सर्वांत शेवटी जोडावेत. ज्या मुलाला लेझीमचाच आवाज सोसत नाही, त्याच्यासाठी चकत्यांवर कापड गुंडाळावे किंवा त्याला वर्तुळाच्या बाहेर, पण दिसेल अशा अंतरावर उभे करावे.

स्पर्श करण्यापूर्वी मात्र मुलाला हात दाखवून, सांगून मगच स्पर्श करावा. अनपेक्षित स्पर्शाने काही मुले दचकतात, आणि आपल्या शरीराला कोण हात लावतो हे ठरवण्याचा अधिकार या मुलांनाही आहे, याची सवय याच वयात लागते.

त्या दोन भावंडांविषयी. एडीएचडी असलेल्या मुलाला रांगेत उभे करणे म्हणजे त्याला जे सर्वांत अवघड जाते तेच आधी मागणे होय. रांगाच कमी कराव्यात. चार ठिकाणी चार कामे मांडून मुलांना फिरते ठेवावे आणि या दोघांना साहित्य मांडणे, झेंडा धरणे अशी कामे द्यावीत. आपल्या खेळांतील 'बाद' या नियमाचाही विचार करावा. लंगडीत किंवा लगोरीत जो सर्वांत आधी बाद होतो तो सर्वांत जास्त वेळ बसून राहतो, आणि आपल्या वर्गात तो नेमका तोच असतो ज्याला हालचालीची सर्वाधिक गरज आहे. बाद झालेल्याने कडेच्या रेषेवर पाच उड्या मारून पुन्हा खेळात यावे, एवढा बदल केला तरी सगळा वर्ग हलता राहतो.

आणि ज्या मुलाला धांदरट म्हटले जाते, त्याच्याकडे कृपया विशेष लक्ष द्यावे. हालचालींच्या समन्वयाचा विकार शंभरातील पाच-सहा मुलांना असतो आणि बहुतेकांचे निदान कधीच होत नाही. निदान डॉक्टरांनी करावे, परंतु मदत आजच सुरू करता येते. अशा मुलाला तोल साधण्याचे सर्वसाधारण व्यायाम देत बसण्यापेक्षा जे काम जमत नाही तेच काम सोपे करून द्यावे. झेलायला प्रथम फुगा, मग हवा कमी केलेला मोठा चेंडू, मग टप्पा पडून येणारा चेंडू असा क्रम ठेवावा. प्रत्येक प्रयत्नाआधी "आता तू काय करणार आहेस?" आणि नंतर "कसे झाले, काय बदलशील?" असे त्यालाच विचारावे. तो बुद्धीने तल्लख आहे. त्याची योजना त्यालाच आखू द्यावी.

उत्तर ३ – एक आई, निपाणी

सर, माझा मुलगा स्वमग्न आहे आणि आता बारा वर्षांचा आहे. आपल्यासारखे शिक्षक जवळ असते तर फार बरे झाले असते. एका शाळेत क्रीडादिनाला त्याला व्हरांड्यात हजेरीपट सांभाळायला बसवत असत, आणि ते त्याच्या सोयीसाठीच आहे असे मला सांगितले जाई. तो मैदानाकडे पाहत खुर्चीतल्या खुर्चीत उड्या मारत असे.

पालक म्हणून दोन गोष्टी सुचवते. वर्गात दाखल करताना मुलाला काय येत नाही याची यादी मागू नका. त्याला काय आवडते, कशाने त्रास होतो, त्रास वाढत असल्याचे पहिले चिन्ह कोणते आणि शांत व्हायला काय उपयोगी पडते, हे विचारा. माझा मुलगा चिडण्याच्या आधी बोटे एकमेकांत घट्ट गुंतवतो. हे ज्याला ठाऊक असते तो त्याला वेळीच बाजूला नेऊ शकतो. आणि दिवसभरात काही बिघडले तर ते मुलाच्या आणि इतर पालकांच्या देखत सांगू नका. आधी जमलेली एक गोष्ट सांगा, मग अडचण सांगा, आणि तीही एका बाजूला घेऊन.

दुसरी गोष्ट पाण्याची. अनेक स्वमग्न मुलांना पाण्याची विलक्षण ओढ असते आणि नजर चुकवून निघून जाण्याची सवयही असते. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की काय होऊ शकते, हे मी लिहिण्याची गरज नाही. आपल्या तालुक्यात ओढे, विहिरी, शेततळी शाळांपासून हाकेच्या अंतरावर असतात. फाटकावर एक माणूस केवळ त्यासाठीच उभा ठेवा आणि मुलांच्या शर्टाच्या आत पालकांचा फोन क्रमांक लिहिलेली पट्टी शिवून घ्यायला सांगा. पोहायला शिकवणे हा यावरचा चांगला उपाय आहे, परंतु त्यासाठी वेगळा प्रशिक्षक आणि एका मुलामागे एक माणूस हवा.

प्रश्नकर्त्याकडून

सर्वांचे मनापासून आभार. फळीवरचे फोटो आणि झेंडा यांची तयारी सुरू केली आहे. इको आणि औषधांविषयी पालकांना विचारून वहीत नोंद ठेवत आहे.

आणखी तीन शंका आहेत. काही पालक विचारतात की या व्यायामाने मूल बोलू लागेल का. त्यांना काय सांगावे? शाळेतील इतर मुलांना या वर्गात सामील करून घेणे योग्य ठरेल का? आणि जूनमध्ये आमच्याकडे पाऊस लागला की सप्टेंबरपर्यंत मैदान मिळत नाही, तेव्हा काय करावे?

उत्तर ४ – समावेशक शिक्षणाचा संसाधन शिक्षक, चिकोडी

बोलण्याविषयी पालकांना स्पष्ट सांगावे की व्यायाम हा वाचा-उपचाराला पर्याय नाही. नियमित व्यायामाने दमश्वास, ताकद आणि हालचालींचे कौशल्य सुधारते, अनेक मुलांची झोप सुधारते आणि काहींची बैठक व लक्षही सुधारते. एवढे आश्वासन प्रामाणिकपणे देता येते आणि तेवढे पुरेसे आहे. मुलाला खेळता येणे हे स्वतःच मोल असलेले काम आहे. ते दुसऱ्या कशाचे तरी औषध आहे असे ठरवल्यावरच त्याला किंमत येते, असे मला वाटत नाही. वाचा-उपचार चालू असतील तर ते चालूच ठेवायला सांगावे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या (नॅशनल ट्रस्ट) निरामय योजनेत स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुदिव्यांगता असलेल्यांना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण आहे आणि त्यात थेरपीच्या खर्चासाठीही तरतूद आहे. आपल्या गटातील काही मुले त्यात बसतील. सीमाभागातील पालक उपचारासाठी कोल्हापूर-मिरजेला जातात आणि इकडचे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र तिकडे चालेल का म्हणून संकोच करतात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार मिळालेले प्रमाणपत्र देशभर ग्राह्य असते. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे देशपातळीवरील ओळखपत्र, काढलेले नसेल तर ग्रामपंचायतीच्या गाव पुनर्वसन कार्यकर्त्याला भेटावे. कर्नाटकात हे पद अशा मदतीसाठी आहे.

इतर मुलांना जरूर सामील करावे, परंतु मदतनीस म्हणून नव्हे, खेळाडू म्हणून. १९६८ साली शिकागोत सुरू झालेल्या स्पेशल ऑलिम्पिक्सच्या एकत्रित क्रीडाप्रकारांत बौद्धिक दिव्यांगता असलेले आणि नसलेले खेळाडू एकाच संघातून खेळतात. आपल्या देशात हे काम स्पेशल ऑलिम्पिक्स भारत ही संस्था पाहते. आठव्या वर्षापासून मुले तिच्या स्पर्धांत उतरू शकतात. आपल्या वर्गातील मोठ्या मुलांसाठी ही वाट खुली आहे. मात्र सुरुवातीला मुख्य संघाच्या सरावात एखाद्या मुलाला सोडून देण्यापेक्षा शाळेतील दोन-तीन समजूतदार मुलांना रविवारच्या वर्गात आणावे. त्यांनीही तेच फोटो, तीच वर्तुळे, तेच नियम पाळावेत. मुख्याध्यापकांनी शंका काढली तर त्यांना वरील कायद्याचे कलम १६ दाखवावे. शिक्षणसंस्थांनी दिव्यांग मुलांना इतरांच्या बरोबरीने खेळाची आणि करमणुकीची संधी द्यावी, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

उत्तर ५ – विशेष शिक्षिका, टिळकवाडी

पावसाळ्याविषयी थोडे. बहुतेक गावांत समाजमंदिर किंवा देवळाचा सभामंडप मिळतो, परंतु तो ठरवण्याआधी आपण स्वतः भर पावसात तिथे जाऊन थांबावे. छत पत्र्याचे असेल तर खानापूरच्या पावसात आत उभे राहून शेजारच्याचे बोलणेही ऐकू येत नाही, आणि आवाज न सोसणाऱ्या मुलाला तिथे आणण्यात अर्थ नाही. स्लॅबची शाळेची खोली लहान असली तरी चालेल. बाके भिंतीला लावून चारच कामे मांडावीत: बाकावरून उठणे-बसणे, जमिनीवर खडूने काढलेल्या चौकोनांतून उड्या, फुगा झेलणे आणि कापड गुंडाळलेली लेझीम. जागा बदलणार असल्याचे मुलांना आधीच कळावे, म्हणून मे महिन्यातच दोन-तीन वेळा वर्गाचा शेवटचा भाग त्या खोलीत घ्यावा आणि त्या खोलीचा फोटो फळीवर लावावा. ओल्या फरशीवर स्प्लिंट घातलेला मुलगा घसरण्याची भीती असते, म्हणून दारात जाड पायपुसणे ठेवावे आणि त्याला नेहमी दारापासून लांबचा कोपरा द्यावा.